बांबर्गची धुराची बीअर: तिसऱ्या ग्लासापर्यंत थांबावं का?

एरलांगेनकर

राम राम मंडळी. जर्मनीत, एरलांगेनला येऊन सहा वर्षं झाली. इथून बांबर्ग लोकल गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे, तरी तिथल्या धुराच्या बीअरवर, म्हणजे 'राउखबियर'वर, लिहायला आजवर हात धजावला नव्हता. पहिली दोन वर्षं मी तिची यथेच्छ टिंगल केली आहे आणि त्याचे साक्षीदार याच संस्थळावर आहेत.

पहिल्यांदा गेलो ते ऑफिसच्या टोळक्याबरोबर. नदीच्या मधोमध उभं असलेलं जुनं नगरभवन पाहिलं, कॅथेड्रलच्या टेकडीखालच्या गल्लीत शिरलो आणि 'श्लेंकर्ला' या जुन्या बीअरघरात जाऊन बसलो. या घराचा कागदोपत्री पहिला उल्लेख १४०५ सालचा. आत काळ्या पडलेल्या तुळया, लांब बाकं, अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी. बीअर लाकडी पिंपाच्या तोटीतून, गॅसचा दाब न देता, आपल्या वजनाने ग्लासात उतरते. अर्ध्या लिटरच्या मापाला इथे 'साइडला' म्हणतात. समोर आलेला साइडला जवळजवळ काळा, दिव्याकडे धरला की कडेला डाळिंबी. नाकाशी नेला आणि मी थेट आजोळच्या न्हाणीघरात! तांब्याचा बंब, खाली ओली लाकडं, डोळ्यांत पाणी.

वास आवडला. चव नाही. विझवलेलं लाकूड चोखल्यासारखं वाटलं. उरलेला ग्लास शेजारच्या हान्सच्या पुढ्यात सरकवला. ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर जुन्या वळणाच्या जर्मनमध्ये लिहिलेलं असतं की पहिल्या घोटाला जरा परकं लागलं तरी नाराज होऊ नका, पीत राहा, गोडी वाढत जाईल. मी म्हटलं, हलवाई कधी म्हणेल का माझे पेढे वाईट म्हणून?

दोन वर्षांनी जानेवारीत एकटाच गेलो होतो. बाहेर उणे सहा. काहीतरी गरम खायचं होतं, बसल्यावर बीअर सांगणं ओघानेच आलं. पहिला ग्लास सहन केला. दुसऱ्याला धूर मागे गेला आणि भाजलेल्या पावाच्या कडेसारखी गोडसर चव पुढे आली. तिसऱ्याला धूर शोधावा लागला. जीभ त्याला सरावलेली असते, म्हणून तो दिसेनासा होतो आणि मग खालची बीअर कळते. चकती खोटं बोलत नव्हती.

तर प्रश्न असा: तुमच्यापैकी कोणी प्यायलंय? आणि नवख्या माणसाला नेमकं काय द्यावं? पुढच्या महिन्यात पुण्याहून दोन मित्र येताहेत.

---

खादाडखाऊ

पयला! आता वाचतो.

---

खादाडखाऊ

वाचलं. फोटो कुठायत? फोटो नसतील तर गेलात हे खरं कशावरून?

---

शाकंभरी

अडाणी प्रश्न. मी अंडंसुद्धा खात नाही. एका मैत्रिणीने ही बीअर न्यूरेंबर्गमध्ये दिली तेव्हा अक्षरशः मांसाचा वास आला आणि मी ग्लास ठेवून दिला. यात खरंच काही घालतात का?

---

बार्लीभट

शाकंभरीताई, काही घालत नाहीत. निर्धास्त राहा. सविस्तर सांगतो, कारण यात मजा आहे.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी बाळासाठी नाचणीचं सत्त्व झालंय त्यांना माल्ट म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. धान्य भिजवा, मोड आणा, मोड हवे तेवढे आले की वाळवून थांबवा. बीअरसाठी नाचणीच्या जागी बार्ली. आपण सत्त्वाला गच्चीवर ऊन दाखवतो. बव्हेरियात तेवढं ऊन कुठलं? मग ओलं माल्ट जाळीवर पसरून खाली लाकूड पेटवायचे. धूर दाण्यातूनच वर जाणार. म्हणजे एके काळी भट्टीवर वाळवलेल्या माल्टची सगळीच बीअर कमी-अधिक धुरकट असायची. तेव्हा त्याला कोणी 'धुराची बीअर' म्हणत नसणार, नुसतीच बीअर.

पुढे धूर बाहेर सोडून फक्त गरम हवा माल्टला देणाऱ्या भट्ट्या आल्या. इंग्लंडमध्ये तशा भट्टीचं पेटंट १६३५ चं आहे. हळूहळू सगळ्यांनी धूर सोडला. बांबर्गमध्ये श्लेंकर्ला आणि श्पेत्सियाल या दोन घरांनी आपापल्या माल्टभट्ट्या आणि बीचचं लाकूड सोडलं नाही. बस, एवढंच. नवीन काही शोधलं नाही, जुनं टाकलं नाही.

आता मांसाचा वास. लाकडातलं लिग्निन जळताना ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी द्रव्यं तयार होतात. हॅम धुरवतात तेव्हाही तीच. युरोपात वाढलेल्या माणसाने हा वास आयुष्यभर हॅमलाच घेतलेला असतो, म्हणून त्याला बीअरमध्ये हॅम दिसतं. एरलांगेनकरांना बंब दिसला. वास एकच, आठवण ज्याची त्याची.

---

शाकंभरी

अगंबाई! म्हणजे मला मैत्रिणीने आधी 'हॅमसारखी लागते' सांगितलं म्हणून हॅम लागलं. भरताच्या वांग्यासारखी लागते म्हणाली असती तर मी प्यायले असते.

---

पेठेतला पेला

बंब, चूल, न्हाणीघर... झालं सुरू स्मरणरंजन. माझ्या आजीने चाळीस वर्षं चुलीपुढे डोळे चोळले. गॅस आला त्या दिवशी तिने शेगडीला हळदकुंकू वाहिलं. तिला जाऊन सांगा की धुराचे पैसे मोजून तुम्ही तिसऱ्या ग्लासाची वाट बघताय. आणि जी गोष्ट आवडायला तीन ग्लास लागतात ती आवडत नसते, चढलेली असते. (हलके घ्या.)

---

एरलांगेनकर

पेलेसाहेब, आजीचा मुद्दा बिनशर्त मान्य. माझ्याही आजीला बंबाचं कौतुक नव्हतं, ते आम्हा सुट्टीत येणाऱ्यांना.

चढण्याबद्दल मात्र नाही. मेर्त्सेन, म्हणजे इथली रोजची गडद बीअर, ५.१ टक्क्यांची आहे. पोटात पाव-बटाटा असताना अडीच तासांत तीन ग्लास. गाडी पकडून, बदलून, घरी येऊन कुलूप उघडलं, पहिल्या प्रयत्नात.

---

रेग्निट्झकाठी

धागा उशिरा पाहिला. मी बांबर्गमध्येच राहते, नऊ वर्षं. सगळे पाहुणे थेट श्लेंकर्ला गाठतात आणि तिथेच चुकतं. मेर्त्सेन ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही.

नदी ओलांडून स्टेशनच्या बाजूला ओबेरे क्योनिगश्ट्रासेवर 'श्पेत्सियाल' आहे, १५३६ पासून. त्यांची राउखबियर लागर तांबूस आहे आणि धूर तिच्यात फोडणीतल्या हिंगाएवढा. नसला तर चुकल्यासारखं वाटेल, पण बोट दाखवता येणार नाही. संध्याकाळी पाच वाजता तिथे गल्लीतले आजोबा असतात, समोर वर्तमानपत्र आणि एक साइडला. कोणी कोणाशी फार बोलत नाही. रस्त्याच्या पलीकडे बरोबर समोर 'फेस्ला', तिथे बिनधुराची. एका घरातून दुसऱ्यात जायला वीस पावलं लागतात. मित्रांना आधी फेस्लात जीभ ओली करायला सांगा, मग श्पेत्सियाल, आणि दुसऱ्या दिवशी श्लेंकर्ला.

---

बार्लीभट

सपशेल असहमत. हिंगाएवढा धूर प्यायला एवढ्या लांब कशाला यायचं? पोहायला शिकवताना ढकलून देतात.

---

रेग्निट्झकाठी

म्हणूनच अर्धे लोक आयुष्यभर पाण्याला घाबरतात.

---

खादाडखाऊ

खिक्क! ताईंना एक साइडला माझ्याकडून.

---

निफाडचा नाना

बीअरमधलं फार कळत नाही, पण बांबर्गचं नाव वाचून थांबलो. तिथे कांद्याचं काहीतरी आहे ना? कृषीप्रदर्शनात एका जर्मन माणसाने सांगितलेलं.

---

रेग्निट्झकाठी

नानाकाका, बरोबर ऐकलंत. बांबर्गच्या लोकांना आजूबाजूचे 'कांदे तुडवणारे' म्हणून चिडवतात. इथले माळी कांद्याची पात पायाने तुडवून आडवी करायचे, म्हणजे जोर खाली गाठीत जावा. शहराच्या ऐन मध्यात अजून भाजीचे मळे आहेत. १९९३ साली युनेस्कोच्या यादीत जुनं शहर गेलं त्यात हा माळ्यांचा भागही आहे. श्लेंकर्लात कांदा पोखरून खिमा भरून राउखबियरच्या रश्शात देतात. शाकंभरी, तुझ्यासाठी नाही.

---

निफाडचा नाना

अहो, आम्हीपण माना पाडतो की! पात वाळायला लागली की वाफ्यावरून रिकामं पिंप फिरवायचं. ते पायाने करत होते, आम्ही पिंपाने. पिंप तुमच्याकडे बीअरला लागत असेल, म्हणून पाय.

---

पेठेतला पेला

नाना, दंडवत. धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

---

एरलांगेनकर

नवखे मित्र काय काय मागू शकतील याबद्दल दोघांनी व्यक्तिगत निरोप केला आहे, म्हणून श्लेंकर्लाच्या यादीवर जरा लिहितो. सगळं एका दिवशी मिळत नाही, ऋतूवर आहे.

मेर्त्सेन बारमाही. ऑक्टोबरपासून 'उरबॉक' उघडते, ६.५ टक्के, खडकातल्या तळघरात महिनोन् महिने मुरलेली. मला विचाराल तर उरबॉक मेर्त्सेनपेक्षा सोपी आहे. अंगात गोडवा जास्त, त्यामुळे धुराला टेकायला जागा मिळते. काकवीत बुडवलेली करपलेली भाकरी, असं मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, असलं कोण खातं. नाताळात 'आइशे', ८ टक्के, हिचं माल्ट बीचऐवजी ओकवर वाळवतात. धूर मऊ आहे, पण हिला तिसरा ग्लास नाही. खरोखर नाही. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत, 'फास्टनबियर', म्हणजे शब्दशः उपवासाची बीअर.

---

शाकंभरी

उपवासाची बीअर!! साबुदाण्याच्या खिचडीबरोबर चालेल का?

---

बार्लीभट

मठातले साधू म्हणायचे की पातळ पदार्थाने उपास मोडत नाही. आपल्याकडे वऱ्याचे तांदूळ हे तांदूळ नव्हेत, त्यातलाच प्रकार.

---

एरलांगेनकर

राहिली ती 'हेलेस'. ४.३ टक्के, पिवळीधमक. हिच्यात धुराचं माल्ट अजिबात घालत नाहीत. तरी ती धुरकट लागते! कारण त्याच तांब्याच्या हंड्यांत शिजते आणि त्याच यीस्टवर आंबते.

---

खादाडखाऊ

म्हणजे सुके बोंबील परतलेल्या कढईत बटाट्याची भाजी. घासली तरी कळतं. आमच्याकडे गुरुवारी यावरून वाद होतात.

---

एरलांगेनकर

एवढं नेमकं मला सहा वर्षांत सुचलं नाही. मित्रांना हेलेसपासून सुरुवात करून देतो मग. ताईंचंही ऐकलं आणि भटजींचंही.

---

कोथरूड डेपो

पुण्यातून हजेरी. आमच्या गावात २००९ साली दूलाली ही ब्रूअरी आली तेव्हा 'ताजी बीअर' म्हणजे काय हे पहिल्यांदा कळलं. त्याआधी बीअर म्हणजे गार असली की झालं. आता कोकम, आंबा, ज्वारी सगळं घालून झालंय. ग्रेट स्टेट ब्रूअरीची खारवलेली कोकम एल मला मनापासून आवडते, उन्हाळ्यात सोलकढीची चुलत बहीण. धुराची इथे अधूनमधून एखाद्या ठिकाणी पाटीवर लिहिलेली दिसते, महिनाभर असते, मग गायब. एका ठिकाणी (नाव नको) घेतली होती ती नुसतीच काळी होती, धूर बिल बघून निघाला.

प्रश्न: असलं कोकम वगैरे तिकडे चालतं का?

---

बार्लीभट

बांबर्गच्या बिशपने १४८९ सालीच फर्मान काढलं होतं, बीअरमध्ये माल्ट, हॉप्स (कडवटपणासाठी घालतात ती फुलं) आणि पाणी, इतकंच. बव्हेरियाचा प्रसिद्ध १५१६ चा कायदा त्यानंतर सत्तावीस वर्षांनी. तेव्हा कोकम नाही. पण गंमत बघा, धूर हा जिन्नसच नाही! तो वजनात येत नाही, यादीत येत नाही. कायद्याच्या चौकटीत राहून कोणी कितीही धूर घालावा.

आणि डेपोकाका, तुमचा बांबर्गशी संबंध आधीच आहे. पुण्यातल्या एखाद्या ब्रूअरीच्या मागच्या खोलीत माल्टची पोती बघा, 'वायरमान' लिहिलेलं सापडण्याची शक्यता चांगली. ही १८७९ पासूनची माल्ट कंपनी बांबर्ग स्टेशनच्या जवळच आहे, लाल विटांची इमारत. जगभरच्या ब्रूअऱ्या धुराचं माल्ट घेतात ते बहुतेकदा यांचंच. श्लेंकर्ला मात्र आपलं आपण वाळवतं.

---

कोथरूड डेपो

आयला! मुंढव्यात काचेपलीकडे रचलेली पोती बघत बसलो होतो, ती हीच असणार. पुढच्या वेळी नाव वाचतो.

---

विमाननगरची सून

मी बाटल्या भारतात नेल्या होत्या त्याची कहाणी. माणशी दोन लिटर चालतात, बाटली अर्ध्या लिटरची, म्हणजे चार. हिशोब पक्का. बांधणी कच्ची, चूक सर्वस्वी माझी: चारही बाटल्या टॉवेलात गुंडाळून वर सासूबाईंची पैठणी ठेवली, दुरुस्तीला आणली होती ती. पुण्यात बॅग उघडली तर एक मेर्त्सेन फुटलेली. पदरावरचे मोर बीअरमध्ये पोहत होते. तीनदा ड्रायक्लीन केली. डाग गेला, वास नाही. दिवाळीत नेसल्या तेव्हा आत्येसासूबाई म्हणाल्या, "कोणाकडच्या होमाला जाऊन आलात वहिनी?" सासूबाई म्हणाल्या, "हो, सत्यनारायण होता." मला वाचवलं. उरलेल्या तीन बाटल्या सासऱ्यांनी संपवल्या, त्यांना पहिल्या घोटापासून आवडली.

---

पेठेतला पेला

सासूबाईंना त्रिवार नमस्कार.

---

रेग्निट्झकाठी

उन्हाळ्यात येणाऱ्यांसाठी एक सांगते, कारण सगळे गोंधळतात. इथले लोक म्हणतात 'आउफ दे केलर' जाऊ या. केलर म्हणजे तळघर, पण जायचं वर! बीअर टेकड्यांच्या पोटात खडकात साठवायचे, वर गारव्यासाठी चेस्टनटची झाडं लावायचे, सावलीत बाकं टाकली की तीच जागा प्यायची झाली. श्पेत्सियालचाही टेकडीवर केलर आहे, तिथून कॅथेड्रलचे चारही मनोरे दिसतात. बऱ्याच केलरवर घरचं खाणं नेता येतं. मी थालीपीठ आणि लोणी नेते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एकदा मुळा आणि चीज देऊन अर्धं थालीपीठ घेतलं. आता ओळखतात.

आणि भावाबद्दल: १९०७ मध्ये इथे अर्ध्या लिटरचा भाव अकरा फेनिगचा (फेनिग म्हणजे जर्मन पैसा) बारा केला, तर लोकांनी गावची बीअर पिणंच बंद केलं. जवळच्या फोर्खहाइम गावाहून मागवली. आठवड्याभरात पुन्हा अकरा.

---

निफाडचा नाना

एका फेनिगसाठी? आमच्या कांद्याला अशी एकजूट पाहिजे होती.

---

एरलांगेनकर

धागा संपण्याआधी एक. मागच्या सप्टेंबरात बाबा आले होते. वाईजवळच्या गावात जन्म, चौऱ्याहत्तर वर्षांचे, दारूला आयुष्यात शिवलेले नाहीत. त्यांना श्लेंकर्लात नेलं ते बटाटे आणि सूप खायला. माझा ग्लास आला. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, जरा वाकले, वास घेतला आणि मागे वळून भिंतीकडे बघत राहिले. म्हटलं, काय झालं? म्हणाले, "बंब कुठाय रे यांचा?"

प्यायले नाहीत. पण ग्लास संपेपर्यंत दोनदा आपल्या बाजूला ओढून घेतला. उठताना वाढणाऱ्या बाईंनी चकतीवर पेन्सिलने दोन रेघा ओढल्या होत्या, एक माझी, एक त्यांनी गृहीत धरलेली बाबांची. मी खोडायला सांगणार तेवढ्यात बाबा म्हणाले, राहू दे, वास घेतलाय.

---

पेठेतला पेला

...बरं. आजीचा मुद्दा मागे घेत नाही, पण पुढच्या वर्षी मुलीकडे श्टुटगार्टला येतोय. हेलेसपासून ना?

---

रेग्निट्झकाठी

श्पेत्सियालपासून!

---

बार्लीभट

उरबॉक. ढकला त्यांना.

---

एरलांगेनकर

कट्टा ठरवू या. पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार, दुपारी साडेबारा, बांबर्ग स्टेशनच्या मुख्य दारात. तिथून चालत आधी फेस्ला आणि श्पेत्सियाल, जेवण श्लेंकर्लात. शाकंभरी येतेय, तिच्यासाठी बिनमांसाचं काय मिळेल ते ताईंनी आधी विचारून ठेवावं. बांबर्गचं तिकीट ज्याचं त्याने.

---

शाकंभरी

येतेय. मला कोणी आधी काही सांगू नका कशासारखी लागते ते.

---

खादाडखाऊ

फोटो टाका रे या वेळी.